दोन बोटांच्या अंतरावरून

छायाचित्रण हा पैसेवाल्यांचा छंद, अशी आपल्याकडे एक पक्की समजूत आहे. ती अगदीच निराधार नाही. पक्ष्यांची छायाचित्रे घेणाऱ्यांच्या हातातील तोफेसारखी भिंगे पाहिली की, सामान्य माणूस दोन पावले मागेच सरतो. कीटकांच्या छायाचित्रणाबाबत तर ही समजूत अधिकच घट्ट असते. माशीच्या पायावरचे केस, मुंगीचा जबडा, फुलपाखराच्या पंखावर कौलांसारखे रचलेले खवले एखाद्या मासिकात पाहताना आपल्याला वाटते की, हे काम प्रयोगशाळेत बसणाऱ्यांचे; आपण घरातील लग्न-बाप्तिस्म्यांचे फोटो काढावेत आणि समाधान मानावे. गेली काही वर्षे खिशात मावणाऱ्या एका जुन्या कॅमेऱ्याच्या संगतीत आमच्या वसईच्या वाडीत मी जे पाहिले, त्यावरून मात्र माझे मत निराळे झाले आहे. कीटकांच्या जगात प्रथम पाऊल टाकू पाहणाऱ्याला असा साधा कॅमेराच अधिक सोयीचा, असे आता मी अनुभवाने म्हणू शकतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा कॅमेरा कपाटाच्या एखाद्या खणात पडून असेल. आखातातून सुट्टीवर आलेल्या मुलाने किंवा पुतण्याने तो हौसेने आणलेला असतो. चार-सहा वर्षे तो समारंभांतून मिरवतो आणि पुढे मोबाइलने त्याचे काम हिरावून घेतल्यावर विस्मृतीत जातो. माझाही कॅमेरा असाच, पुतण्याने २०१० साली मस्कतहून आणलेला. शाळेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर कपाट आवरताना तो हाती लागला. चार्जरही त्याच डब्यात होता, हे माझे नशीब.

किड्यांचे चित्र टिपण्याची हौस छायाचित्रणाच्या कलेइतकीच जुनी आहे. या कलेच्या जनकांपैकी एक असलेल्या इंग्लंडच्या हेन्री फॉक्स टाल्बट यांनी १८४० च्या सुमारास सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून कीटकांच्या पंखांची छायाचित्रे घेतली होती. परंतु सामान्य माणसाला हा मार्ग दीर्घकाळ बंदच होता. रोलच्या जमान्यातील साध्या कॅमेऱ्यांना फार जवळची वस्तू स्पष्ट दिसत नसे. शिवाय आपण ज्या लहानशा खिडकीतून पाहत असू ती आणि प्रत्यक्ष चित्र घेणारे भिंग ही दोन वेगळी असत. दूरच्या माणसांच्या बाबतीत हा फरक जाणवत नसे. पण वीतभर अंतरावरील फुलाचा फोटो काढावा, तर हाती देठ लागे. त्यात ३६ चित्रांचा रोल, धुण्याचा खर्च आणि निकालासाठी आठवडाभराची प्रतीक्षा! डिजिटल कॅमेऱ्याने या तिन्ही अडचणी एकदम दूर केल्या. भिंगाला जे दिसते तेच मागच्या पडद्यावर उमटते, आणि बिघडलेल्या चित्राला पैसा पडत नाही.

या कॅमेऱ्यावर कुठेतरी ट्यूलिपसारख्या फुलाचे एक लहान चिन्ह असते. अनेक वर्षे कॅमेरा वापरूनही पुष्कळांनी ते दाबून पाहिलेले नसते. जवळच्या वस्तूंसाठी, म्हणजे ज्याला मॅक्रो म्हणतात त्यासाठी, ती सोय केलेली आहे. ते दाबले की, भिंग अगदी जवळचे पाहू लागते. किती जवळचे, हे प्रत्येकाने आपापल्या कॅमेऱ्यापुरते मोजून घ्यावे. टेबलावर फूटपट्टी ठेवावी, तिच्या आकड्यांवर कॅमेरा रोखावा, बटण अर्धे दाबून चित्र स्पष्ट होते की नाही ते पाहावे आणि हळूहळू खाली जावे. माझ्या कॅमेऱ्यात हे अंतर सुमारे ३ सेंटिमीटर भरले. म्हणजे दोन बोटे आडवी धरली तर त्यांच्या जाडीइतके. काही कॅमेरे १ सेंटिमीटरपर्यंतही जातात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. झूम करून वस्तू मोठी करण्याचा मोह होतो. परंतु बहुतेक साध्या कॅमेऱ्यांत झूम वाढवला की, भिंगाला जवळचे दिसेनासे होते. म्हणून झूम पूर्णपणे मागे घ्यावा आणि आपणच पुढे सरकावे.

आपणच पुढे सरकावे, ही अट मला आरंभी जाचक वाटली. मोठ्या भिंगांचे धनी हातभर दूर राहून मधमाशी टिपतात. आपल्याला मात्र तिच्या इतके निकट जावे लागते की, तिच्या पंखांचा वारा भिंगावर यावा. पण या लहान कॅमेऱ्याच्या अंगी एक गुण आहे. त्याच्या आतील प्रकाश टिपणारी पट्टी, ज्याला सेन्सर म्हणतात, ती जेमतेम ६ मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच असते. मोठ्या व्यावसायिक कॅमेऱ्यात तीच ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असते. पट्टी जितकी लहान, तितका चित्रातील पुढचा-मागचा अधिक भाग स्पष्ट राहतो. मोठ्या कॅमेऱ्याने टाचणीच्या टोकाएवढ्या किड्याचा एक डोळा स्पष्ट आला तर दुसरा धूसर होतो. तेथे आपला गरीब कॅमेरा डोळे, मिशा आणि पुढचे पाय एकाच वेळी दाखवून जातो. अर्थात या स्पष्टतेलाही मर्यादा आहेच. म्हणून कीटकाचे अंग ज्या बाजूने पसरलेले असेल, त्या बाजूला कॅमेरा समांतर धरावा. पंख मिटून बसलेले फुलपाखरू नेमके बाजूने टिपावे. पंख पसरलेले असेल तर वरून.

प्रारंभ कोणापासून करावा? माझ्या मते, जो पळत नाही त्याच्यापासून. लिंबाचे किंवा कढीलिंबाचे झाड दारी असेल तर त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा, काळसर-पांढरा ठिपका शोधावा. ती लिंबावरील फुलपाखराची लहान अळी होय. शत्रूला किळस यावी आणि त्याने तोंड फिरवावे, म्हणून तिने हे सोंग घेतलेले असते. कातीमागून कात टाकत ती मोठी होते आणि मग पानासारखी हिरवीगार बनते. तिला किंचित धक्का लागला की, डोक्यामागून एक दुबेळके मांसल शिंग बाहेर पडते आणि उग्र वास सुटतो. ती कुठेही पळून जात नाही. आठ-दहा दिवस रोज तिचे एक चित्र घ्यावे. हात बसतो आणि एका जीवाचे बालपणही पाहून होते. त्यानंतर भेंडीवरचे तांबडे ढेकूण, रुईवरच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या अळ्या, मग नाकतोडे आणि शेवटी चतुर, अशी इयत्ता चढत जावे. चतुर चंचल दिसतो खरा, पण त्यांतील कित्येक जण उडून पुन्हा त्याच काटकीच्या टोकावर येऊन बसतात. त्यामुळे त्याच्यामागे धावू नये. त्याच्या जागेपाशी जाऊन वाट पाहावी.

वेळ सकाळची उत्तम. कीटकांच्या अंगी आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. उन्हाने अंग तापल्याखेरीज त्यांना चपळाईने उडता येत नाही. थंडीच्या दिवसांत पहाटेच्या मिस्सेहून परतल्यावर मी तडक वाडीत जातो. तेव्हा गवताच्या पात्यांवर माश्या, चतुर आणि टाचण्या दवाने भिजून निश्चल बसलेल्या असतात. पाऊण तासात ऊन वर आले की, तीच माणके हवेत विरून जातात.

जवळ जाण्याचेही एक शास्त्र आहे. कीटक आपल्या आकाराला तितकेसे भीत नाहीत, जितके अचानक हालचालीला आणि अंगावर पडणाऱ्या सावलीला भितात. म्हणून सूर्य कोणत्या बाजूला आहे हे आधी पाहावे, सावली मागे राहील असे बसावे आणि घड्याळाच्या तासकाट्याची चाल धरावी. कोपरे गुडघ्यांवर टेकवली की, हात कापत नाही. चित्र स्पष्ट करण्याचे काम केवळ यंत्रावर सोपवू नये. बटण अर्धे दाबून अंतर पक्के करावे आणि मग स्वतःच केसभर पुढे-मागे डुलत, किड्याचा डोळा लखलखीत दिसताच बटण पूर्ण दाबावे. डोळा स्पष्ट असला की, बाकीचे थोडे पुसट झाले तरी चित्र जिवंत वाटते. वीस चित्रांतून एक साधले तरी ती सकाळ सार्थकी लागली म्हणावे.

प्रकाशाचे म्हणाल, तर इतक्या जवळून कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश सहसा उपयोगी पडत नाही. भिंगाच्या नळीचीच सावली चित्रात येते. त्यावर घरगुती उपाय आहे. फ्लॅशपुढे बटर पेपरचा तुकडा बाक देऊन चिकटवावा, म्हणजे प्रकाश पसरतो आणि मऊ होतो. किंवा फ्लॅश बंद ठेवून सावलीच्या बाजूला एखादे पांढरे कार्डबोर्ड धरावे. पुढे हौस वाढली तर कॅमेऱ्यापुढे लावण्याची जादा भिंगे मिळतात. त्यांना चष्म्यासारखे नंबर असतात. +८ नंबरचे भिंग लावले आणि कॅमेऱ्याचा फोकस दूरवर ठेवला तर साडेबारा सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते. १०० ला ८ ने भागावे, इतका साधा हिशेब आहे. मग झूमही वापरता येतो आणि लाजऱ्या कीटकांपासून थोडे दूर राहता येते. परंतु हे सारे नंतरचे. पहिले वर्ष त्या दोन बोटांच्या अंतरावरच काढावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्या अंतरावर जे शिकायला मिळते, त्याचा छायाचित्राशी संबंध थोडा आणि आपल्या दृष्टीशी अधिक असतो.

याचा प्रत्यय आमच्या घरी आला तो जास्वंदीच्या निमित्ताने. माझे थोरले बंधू आजही वाडी पाहतात. दादरच्या बाजारात जाणारी जास्वंदीची फुले हा त्यांच्या वाडीचा एक आधार. एका वर्षी मार्च महिन्यात जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण पडला. कापूस पिंजून चिकटवावा तशा फांद्या पांढऱ्या झाल्या, कळ्या वेड्यावाकड्या होऊन गळू लागल्या. दादाने पंप काढून धुतला, औषधाची बाटली ओटीवर आणून ठेवली. मी त्या सकाळी सवयीने त्या फांद्यांची काही चित्रे घेतली होती. ती संगणकावर मोठी करून पाहताना मी थबकलो आणि दादाला हाक मारली.

"दादा, आजचा दिवस थांब. हे जरा बघ."

"काय बघायचं त्यात? पांढरी कीड ती पांढरी कीड. ती बघत बसलो तर फुलं कोण देणार?"

"सगळी एक नाही. ही चपटी, लांबट-गोल आहेत ना, ती जागची हललेली नाहीत. आणि हा बघ, त्यांच्यापेक्षा मोठा. याच्या अंगावरचे धागे जाड आहेत, आणि याचं तोंड कुठे आहे ते बघ."

दादा चष्मा लावून खाली वाकला. पांढऱ्या धाग्यांत लपेटलेला तो मोठा किडा पिठ्या ढेकणाच्या अंड्यांच्या पुंजक्यात तोंड खुपसून बसला होता. तो क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी होती. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. भारतात तो १८९८ साली आणला गेला. प्रौढ झाल्यावर तो चार मिलिमीटर लांबीचा, काळसर पाठीचा आणि नारिंगी डोक्याचा दिसतो. बालपणी मात्र तो आपल्या भक्ष्यासारखाच पांढरा वेष धारण करतो. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्या माळ्याला दोघांत फरक कळत नाही, आणि पंपातून सुटलेल्या औषधाला तर मुळीच नाही. शत्रूबरोबर मित्रही मरतो. शत्रूची पिलावळ पुन्हा लवकर वाढते, मित्राची मात्र तितक्या वेगाने वाढत नाही.

दादा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. नंतर फक्त म्हणाला, "किती दिवस लागतील याला?"

मला ते ठाऊक नव्हते आणि मी तसे सांगितले. दादासमोर प्रश्न रोजच्या मिळकतीचा होता. माझ्यासारख्या निवृत्तिवेतन घेणाऱ्याने त्याला धीर धरायला सांगणे सोपे होते. त्याने आपल्या अनुभवाने मधला मार्ग काढला. ज्या फांद्या पार गेल्या होत्या त्या छाटून जाळल्या, ज्यांवर या अळ्या नव्हत्या त्यांवर पाण्याचा जोराचा फवारा मारला आणि अळ्या असलेल्या दोन ओळींना हात लावला नाही. औषधाची बाटली ओटीवरून पुन्हा माळ्यावर गेली. महिन्याभराने कीड अजिबात संपली असे नाही. पण नव्या शेंड्यांवर तोडण्याजोग्या कळ्या येऊ लागल्या होत्या आणि पानांवर नारिंगी डोक्याचे इवले किडे फिरताना दिसत होते. त्या वर्षी दादाचे उत्पन्न थोडे घटले, हेही नमूद केले पाहिजे.

अशी ओळख पटल्याने संपूर्ण प्रदेशाची शेती वाचल्याचे उदाहरण इतिहासात आहे. कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांच्या बागा एका खवलेकिडीने उजाड होत असताना, तिचा नैसर्गिक शत्रू असलेला तांबडा ढालकिडा १८८८ साली ऑस्ट्रेलियात शोधण्यात आला आणि तेथून आणून सोडण्यात आला. अल्पावधीतच ती कीड आटोक्यात आली. लाखमोलाची ही कामगिरी करणारा किडा मुगाच्या दाण्याहून मोठा नव्हता.

या छंदाचे काही विधिनिषेध आहेत. चांगल्या चित्रासाठी किड्याला फ्रीजमध्ये ठेवून गारठवणे, टाचणीने टोचणे, गोंदाने चिकटवणे असले प्रकार काही जण करतात. ते करू नयेत. फ्रान्समधील जाँ आंरी फाब्र हे या बाबतीत आपले आदर्श ठरावेत. १८२३ साली जन्मलेला हा गरीब शाळामास्तर उतारवयात सेरिन्याँ या गावी एक पडीक, काटेरी जमीन घेऊन राहिला आणि १९१५ पर्यंतच्या आयुष्यात गांधीलमाश्या, शेणकिडे नि सुरवंट यांना त्यांच्याच घरी बसून पाहत राहिला. कीटकांविषयीच्या त्यांच्या आठवणींचे दहा भाग प्रसिद्ध आहेत आणि त्यांच्या पुढील आवृत्तीत त्यांच्या मुलाने, पॉलने, घेतलेली छायाचित्रे आहेत. मेलेले किडे पेटीत टोचून ठेवणाऱ्या पंडितांच्या काळात फाब्र यांनी जिवंत किडा काय करतो हे विचारले. त्यासाठी त्यांना प्रवासाची गरज भासली नाही. एक पडीक तुकडा पुरला.

आपल्यालाही तेवढेच हवे. गच्चीवरील चार कुंड्या, कुंपणाची तुळस-रुई, इमारतीच्या मागची गवताची पट्टी पुरेशी आहे. मात्र एक वही करावी. चित्राबरोबर तारीख, झाडाचे नाव आणि किडा काय करीत होता, एवढे लिहावे. किड्याचे नाव नंतर पुस्तकांतून वा जाणकारांकडून मिळते; त्या दिवशीची नोंद मात्र पुन्हा मिळत नाही.

हे मी सांगतो त्याला एक कारण आहे. आमच्या वाडीपलीकडे एक बावखल होते. आमच्या पंचक्रोशीतील अशी गोड्या पाण्याची अनेक तळी एकामागून एक बुजली, तसे तेही इमारतीसाठी बुजवले गेले. त्याच्या काठावर टिपलेल्या चतुरांची आणि टाचण्यांची चित्रे, तारखांसह, माझ्या वहीत आहेत. चतुर हवेतला प्राणी दिसला तरी त्याचे बालपण पाण्यात जाते. त्याची पिल्ले पाण्यातील डासांच्या अळ्या खाऊन वाढतात आणि मग एखाद्या रात्री काडीवर चढून, पाठीवर उकलून, त्यातून पंखांचा चतुर बाहेर येतो. पाणी गेले की, त्या ठिकाणची पुढची पिढीच उरत नाही. वहीतील ती पाने आता पुराव्यासारखी झाली आहेत.

गेल्या पावसाळ्यानंतर दादाच्या नातीने विहिरीजवळच्या सिमेंटच्या टाकीत उगवलेल्या लव्हाळ्यावर एक वाळके, पोकळ साल चिकटलेले पाहिले आणि कॅमेरा घेऊन धावत गेली. तिने काढलेल्या चित्रात पाठीवरील चीर आणि त्यातून बाहेर आलेले पांढरे सुतासारखे धागे स्वच्छ दिसत होते; ते चतुराच्या श्वासनळ्यांचे अस्तर. कात नवी होती. दादा दरवर्षी मे महिन्यात ती टाकी पूर्ण उपसून घासत असे. त्याने ते चित्र पाहिले, नातीकडून त्याचा अर्थ समजावून घेतला, आणि या वर्षी टाकीच्या तळाशी वीतभर पाणी व लव्हाळ्याचा एक जुडगा तसाच ठेवला.